मोकळी कमान

१

मिनसिलू मशिदीच्या वरच्या, बायकांच्या सज्जात जायची ती पायऱ्यांना शिव्या घालतच. सज्जा तिच्या नवऱ्याने बांधलेला, म्हणजे शिव्या कोणाला जात होत्या हे उघडच होतं. फातिख खाणीवर गवंडी होता, ताडमाड माणूस, आणि पायऱ्याही त्याने स्वतःच्या ढांगेच्या मापाने घातल्या होत्या. "बायका काय इथून उड्या मारत जाणार?" असं तिने तेव्हा विचारलं होतं. तो नुसता हसला होता. आता तो कबरस्तानात होता आणि मिनसिलूचे गुडघे कामातून गेले होते, तरी दुपारच्या नमाजाला ती कठडा धरून वर चढायचीच.

मशीद काही जुनी नव्हती. मिनसिलूच्या मुलाहूनही ती वयाने लहान. सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा युक्रेनमधल्या दोनबासच्या त्या खाणशहरातल्या तातार मुसलमानांनी ठरवलं, की आता आपली एक मशीद हवी. विटा आणल्या बंद पडलेल्या खाणीच्या न्हाणीघराच्या. घुमटाचा पत्रा खाणीच्या वर्कशॉपात वाकवला. मिनार उभारला तो कारखान्यांची धुराडी बांधणाऱ्या माणसांनी, त्यामुळे लांबून तो अजूनही धुराडंच वाटायचा. पहिल्या शुक्रवारी आत पाय ठेवायला जागा नव्हती. रांगा दाराबाहेर, अंगणाबाहेर, थेट ट्रामच्या थांब्यापर्यंत गेल्या होत्या, आणि फातिख वर सज्जात उभा राहून लहान पोरासारखा रडला होता.

नंतर तुर्कस्तानातून कोणीतरी गालिचा पाठवला. हिरवा, आणि त्यावर ओळीने विणलेल्या कमानी. एका माणसाला एक कमान.

मग लढाई आली. घुमटाचा एक तुकडा तोफगोळ्याने नेला, खिडक्यांच्या काचा गेल्या आणि त्या जागी प्लास्टिक आलं. ज्यांना जाता आलं ते कझानला, कीवला, पोलंडला, कुठे कुठे गेले. सज्जात आता मिनसिलू एकटी असायची, आणि खाली एकच रांग. तीही चौघांची.

गुडघ्यांमुळे ती खुर्चीवर बसून नमाज पढायची, आणि नमाजात इकडेतिकडे बघू नये हे पक्कं ठाऊक असूनही कठड्यावरून खाली बघायची. खाली तिचा रिफकात असायचा. लढाईआधी हा मुलगा सणासुदीलासुद्धा मशिदीत यायला कुरकुरायचा, आणि आता एक दिवस चुकवत नव्हता. त्याची पाठ दिसली की तिच्या पोटात अन्न गेल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी हारिस हजरत नेहमीसारखे पुढे जाऊन उभे राहिले. म्हातारे इमाम, कमरेत वाकलेले, पण आवाज खणखणीत. नेहमीसारखंच म्हणाले, "रांग सरळ करा. खांद्याला खांदा लावा. मध्ये जागा सोडू नका."

खालचे चौघे सरकले. उजवीकडून सागदात, ज्यांना सगळे बाबाय, म्हणजे आजोबा म्हणत, मग बेकरीवर पहारा देणारा मिदखात, मग टॅक्सीवाला इल्दुस, आणि शेवटी रिफकात. नमाज सुरू झाला.

मिदखात आणि इल्दुस यांच्या मधली एक कमान मोकळी होती.

मिनसिलूला आधी रागच आला. चार माणसं, आणि तीही धड उभी राहत नाहीत. मग वाटलं, वर घुमटाला भोक आहे, तिथून पाणी ठिबकत असेल, म्हणून टाळली असेल जागा. तिने मान खाली घातली आणि आपला नमाज पुढे चालू केला.

२

नमाजानंतर तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत चहा व्हायचा. मिनसिलू बटाट्याचे पराठे भाजून आणायची, आत मांस घालायचे दिवस गेले होते.

"काय रे गध्यांनो," ती कप आदळत म्हणाली, "हजरत घसा फोडून सांगतात, आणि तुम्ही रांगेत भगदाड ठेवता?"

"कसलं भगदाड, आपा?" मिदखातचं तोंड भरलेलं होतं. "हा इल्दुस पार माझ्या अंगावर रेलला होता. अरे, जरा वजन कमी कर की. एवढं खायला तुला मिळतं तरी कुठे?"

"मी?" इल्दुस म्हणाला. "मी तुला शिवलोसुद्धा नाही. तूच बैलासारखा ढकलत होतास."

"आता दोघं भांडा," सागदात बाबाय म्हणाले. ते सगळ्यांत वडील, चाळीस वर्षं जमिनीखाली काढलेले, आणि थट्टेशिवाय ज्यांना घास उतरत नसे असे. "पोरी, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मागच्या ईदला तू मला बघून फातिख म्हणून हाक मारली होतीस."

सगळे हसले. मिनसिलूही हसली. मोतीबिंदू होता, पण एकाच डोळ्यात.

भांडी विसळून झाल्यावर ती एकटीच मोठ्या दालनात गेली. प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. लांब कुठेतरी, वरच्या मजल्यावर कपाट सरकवल्यासारखा गडगडाट झाला आणि थांबला. ती वाकली आणि मिदखातच्या शेजारच्या त्या कमानीवर तिने तळहात टेकवला. गालिचा कोरडा ठणठणीत होता. वर घुमटाचं भोकसुद्धा तिथे नव्हतं, ते पार दुसऱ्या कोपऱ्यावर होतं.

लहानपणी त्यांच्या घरी कुराणाचे पाठ शिकवायला येणाऱ्या बाई पोरांना भीती घालायच्या, की रांगेत जागा सोडलीत तर तिथे दुसरंच कोणीतरी येऊन उभं राहील. पोरं घाबरण्याऐवजी खिदळायची. मिनसिलूला ते आठवलं, आणि आपण साठी उलटलेल्या बाईने असलं काही आठवावं याचीच तिला लाज वाटली.

त्याच आठवड्यात मिदखात गेला. बेकरीसमोर पावाच्या रांगेत गोळा पडला. मेला तो एकटाच. मयताला आलेली एक बाई सांगत होती, "अल्लाची कृपा म्हणायची. नेमकी त्याच्या शेजारची जागा मोकळी होती. रांग एवढी दाटलेली, पण तिथे कोणीच उभं राहिलं नव्हतं. का कोण जाणे."

३

मिदखातला पुरलं, सातव्या दिवसाचं जेवण घातलं, त्याच्या नावाने रुमाल आणि दोऱ्याची रिळं वाटली. जगणाऱ्यांचे दिवस पुढे सरकत राहिले. आता खाली तिघं. मिनसिलूने ठरवून काही दिवस खाली पाहिलंच नाही. पुढे बघत राहायची, भिंतीकडे.

पण माणूस किती दिवस भिंत बघेल? एका दुपारी हजरत म्हणाले, "खांद्याला खांदा लावा." खाली पाय सरकल्याचा आवाज आला, आणि तिची नजर आपसूक उतरली. सागदात बाबाय. मोकळी कमान. मग इल्दुस आणि रिफकात.

तिने मोतीबिंदूचा डोळा मिटला आणि चांगल्याने पाहिलं. मोकळीच. मग तिला दिसलं, की बाबाय सरळ उभे नाहीत. गर्दीच्या ट्राममध्ये शेजारच्याने ढकललं की माणूस जसा अंग चोरतो, तसे ते उजवीकडे किंचित कलले होते.

चहाच्या वेळी तिने काही विचारलं नाही. बाबायच बोलले. "या इल्दुसला आता शहाणपण आलेलं दिसतंय. आज माझ्यावर रेलला नाही, नुसता चिकटला. पण काय रे, तू तंबाखू सोडलीस? वास नाही आला."

इल्दुस रिफकातकडे बघायला लागला. रिफकातने खांदे उडवले.

"बाबाय," मिनसिलूच्या तोंडून निघून गेलं, "उद्या घरीच नमाज पढा ना. थंडी किती आहे."

"घरी कोण आहे माझ्या शेजारी उभं राहायला?" म्हातारा हसला. "निदान इथे कोणीतरी चिकटतं."

बाबाय झोपेत गेले. गोळा नाही, आग नाही, काही नाही. इमारतीच्या तळघरात सगळे झोपायचे, तिथेच. वय झालं होतं, त्यात नवल ते काय, असं सगळे म्हणाले. फक्त त्यांना आंघोळ घालायला नेताना शेजारीण मिनसिलूला म्हणाली, "बिचारे पार खाटेच्या कडेला सरकले होते हो. अर्धं अंग बाहेर. जशी कोणाला जागा करून दिली असावी."

मिनसिलू त्या दिवशी घरी आली आणि ओट्याशी उभी राहून तिने स्वतःला चांगलं फटकारलं. अगं बये, या शहरात रोज कोणी ना कोणी मरतंय. मरणाऱ्याच्या शेजारी काही तरी असणारच. भिंत असेल, बायको असेल, नाहीतर मोकळी जागा असेल. म्हणून मोकळी जागा मारते का? हे सगळं बरोबर होतं. तरी तिने हातातला चाकू खाली ठेवला, कांदा अर्धाच कापलेला.

दोन्ही वेळा जो गेला, तो मोकळ्या कमानीच्या उजव्या हाताला उभा होता.

४

आता खाली दोघंच राहिले, रिफकात आणि इल्दुस. हजरतांच्या मागे दोघांची रांग. रिफकात आधी आला म्हणून उजवीकडे, इल्दुस डावीकडे. आणि मध्ये एक कमान.

 मिनसिलूच्या तोंडातून हाक निघणार होती, पण नमाज चालू होता. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. रिफकातचा डावा खांदा खाली दबला होता. त्याच्या जॅकेटचं कापड तिथे, दंडाजवळ, चुरगळलेलं होतं.

घरी पोचल्या पोचल्या तिने त्याला धरलं. "उद्यापासून मशिदीत जायचं नाही."

"आई, हे काय नवीन?"

"नाही म्हणजे नाही. घरी पढ."

"घरावर गोळा पडत नाही का?" रिफकात बूट काढत होता. चाळिशीतला माणूस, पण तिच्याशी बोलताना अजूनही शाळेतल्यासारखा हुज्जत घालायचा. आयुष्यात त्याने तिचं एकही म्हणणं पहिल्या शब्दात ऐकलं नव्हतं. "ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला रोज खांबावर चढतो मी. खाली उतरलो की हात बघ माझे. दिवसभरात फक्त तेवढा वेळ थरथरत नाहीत. तेवढंही सोडू म्हणतेस?"

"तिथे तुझ्या शेजारी कोण असतं?"

"इल्दुस. दुसरं कोण असणार?"

"खांदा लागतो त्याचा?"

रिफकातने वर पाहिलं. "लागतो ना. नमाज आहे, टॅक्सी नाही, लांब बसायला." मग बारीक आवाजात म्हणाला, "आई, तू बरी आहेस ना?"

तिने त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि वर हसला असता.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली आणि तिने हजरतांना गाठलं. ते दालनातल्या तेलाच्या शेगडीची वात कापत बसले होते. तिने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. हजरत ना हसले ना रागावले. त्यांनी वात कापणंही थांबवलं नाही, आणि हेच तिला जास्त लागलं.

"मी पुढे उभा असतो, मिनसिलू," ते म्हणाले. "मला मागचं दिसत नाही. मागे बघायचं नसतं. पण इतकी वर्षं झाली, मागची रांग मला कानांनी कळते. लोक सजद्याला, कपाळ टेकायला, वाकले की गुडघे टेकल्याचा आवाज येतो. किती माणसं आहेत ते मी डोळे मिटून सांगतो."

"मग?"

"मग काय? आताशा मी आकडा सांगत नाही." त्यांनी कात्री खाली ठेवली. "शहर भरलेलं असताना ही मशीद बांधली. आता ती कशी भरायची, हे मी कोणाला विचारू?"

"माझा मुलगा आहे तिथे, हजरत."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि म्हाताऱ्याला रडताना बघण्यापेक्षा ती उठून निघून गेली.

मग मिनसिलूने ते केलं. पुढे तिला कितीही वाटलं असेल, पण त्या क्षणी तिने ते डोळे उघडे ठेवून, पूर्ण शुद्धीत केलं. शेगडी डावीकडे होती. दोघं आत आल्यावर ती म्हणाली, "इल्दुस, बाळा, जरा उजवीकडे उभा राहशील का? रिफकातला खोकला झालाय. शेगडीजवळ राहू दे त्याला."

"मला कुठे खोकला..." रिफकातने सुरुवात केली.

"गप्प बस."

इल्दुस हसला. "घ्या. लेकराला ऊब आणि परक्याला गारठा. आपा, माझी आई कझानला आहे, नाहीतर तिने तुझ्या झिंज्या उपटल्या असत्या."

तो उजवीकडे जाऊन उभा राहिला. मिनसिलू वर चढली. पायऱ्यांना शिव्या घालायला ती त्या दिवशी विसरली. हजरत म्हणाले, "खांद्याला खांदा लावा," आणि खाली दोघं सरकले. मध्ये एक कमान मोकळी राहिली. तिच्या उजव्या हाताला आता इल्दुस होता.

चहाला तिने इल्दुसच्या पानात दोन पराठे जास्त टाकले. तो म्हणाला, "आज काय, माझं लग्न ठरलंय का?" तिला त्याच्याकडे बघवेना.

५

इल्दुसची टॅक्सी नाक्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सापडली. गाडीवर ओरखडा नव्हता, काचेला तडा नव्हता. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला होता. हृदय बंद पडलं, असं म्हणाले. टॅक्सी ओढून आणायला रिफकात गेला होता. परत आला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"विचित्र आहे गं," तो म्हणाला. "गाडीत तो एकटाच होता. नाक्यावरचे शिपाईसुद्धा सांगतात, एकटाच निघाला होता. पण शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता. घट्ट. मला सोडवताना जोर लावावा लागला."

मिनसिलू न्हाणीघरात गेली, नळ सोडला, नळाला पाणी नव्हतं. कोरड्या नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी राहिली. तिने एका आईचा मुलगा दिला होता आणि स्वतःचा ठेवला होता. तिला रडू आलं, आणि रडता रडता आपला वाचला याचा आनंदही झाला. त्या आनंदाची तिला किळस आली, तरी तो गेला नाही.

त्या दिवसांत तिने एकच गोष्ट मनाशी पुन्हा पुन्हा घोळवली. आता मशिदीत येणारे पुरुष दोन, हजरत आणि रिफकात. दोघंच असले की रांग लागत नाही. हे लहान पोरालाही माहीत असतं. मागे दोन माणसं असतील तर इमाम पुढे जातो आणि ते त्याच्या मागे उभे राहतात. मागे एकटाच असेल तर तो मागे थांबत नाही, इमामाच्या बगलेला, उजवीकडे जाऊन उभा राहतो. रांगच नाही, तर रांगेत भगदाड कसलं? आणि रिफकातच्या डावीकडे असणार हजरत. जिवंत, हाडामांसाचा, सर्दी झालेला माणूस.

इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा नीट झोप लागली.

६

बाहेर धुकं होतं, दालनात दुपार असूनही कळकट उजेड. आवाज नव्हता कुठलाच, तोफांचासुद्धा नाही. मिनसिलू वर खुर्चीत बसली. खाली हजरत आले. मागून रिफकात आला.

हजरत उभे राहिले. आता रिफकात पुढे होईल, त्यांच्या शेजारी जाईल, म्हणून ती वाट बघत राहिली.

रिफकात मागेच थांबला. रांगेत. मधोमधही नाही, थोडा उजवीकडे. डावीकडे एका माणसाची जागा सोडून.

आणि हजरत? त्यांनी एकदा, अगदी किंचित, कान मागे टवकारल्यासारखा केला. मग दोन माणसं मागे असल्यावर इमाम जातो तसे ते एक पाऊल पुढे सरकले. म्हणाले, "रांग सरळ करा." आवाज फाटलेला होता. रिफकातने पाय डावीकडे सरकवला आणि खांदा टेकवला. कशाला तरी त्याने खांदा टेकवला, आणि तो खांदा टिकला.

ते पहिल्या सजद्याला वाकले. गुडघे टेकल्याचा आवाज वरपर्यंत आला. मोकळ्या कमानीतली हिरवी लोकर दोन ठिकाणी दबली. मग वर, कपाळाच्या जागी, दबली. ते उठले तेव्हा ती हळूहळू पुन्हा उभी राहिली.

प्रत्येक सजद्याला तेच झालं, आणि शेवटच्या सजद्याला मिनसिलू उठली. कठडा न धरता उतरली. पायऱ्या तिला कळल्याच नाहीत. बाईने पुरुषांच्या रांगेत उभं राहायचं नसतं, नमाजासमोरून जायचं नसतं, बोलायचं नसतं, हे सगळं तिच्या डोक्यात घंटेसारखं वाजत होतं आणि पाय पुढे पडत होते. ती मागून आली. रिफकातची पाठ तिच्या हाताच्या अंतरावर होती. तो शेवटच्या बैठकीला बसलेला, बोटं मांडीवर. शेजारची कमान तिच्यासमोर, मोकळी.

ती त्या कमानीत शिरली आणि गुडघ्यांवर बसली. गुडघ्यांतून कळ डोक्यात गेली. गालिचा ऊबदार होता, नुकतंच कोणी उठलेल्या खुर्चीसारखा. तिचा उजवा खांदा रिफकातच्या खांद्याला लागला. आणि त्याच वेळी डावीकडून कोणीतरी, रांगेत नवीन माणूस आलं की शेजारी सभ्यपणे सरकतात तसं, तिच्यासाठी थोडं सरकलं. आणि मग पुन्हा तिला चिकटलं.

वजन होतं. बाबाय म्हणाले होते तसं, रेलत नव्हतं, नुसतं चिकटलं होतं.

असू दे, ती मनात म्हणाली. माझ्या खांद्याला असू दे. घे, मी आहे. याला सोड.

नमाज संपवताना हजरतांनी उजवीकडे मान वळवून सलाम केला. रिफकातने मान उजवीकडे वळवली, मिनसिलूनेही वळवली. सलामाचं असंच असतं, सगळे एकाच बाजूला बघतात, त्यामुळे आपल्याला दिसतो तो फक्त शेजाऱ्याचा कान आणि मान. तिला रिफकातची मान दिसली, घाईत दाढी करताना वस्तऱ्याने कापलेली रेघ दिसली. तिच्या स्वतःच्या मानेवर कोणाचाच श्वास नव्हता.

मग हजरतांनी डावीकडे सलाम केला.

वळायलाच हवं होतं. ती वळली. आता तिलाही शेजाऱ्याची मानच दिसायला हवी होती, पाठमोरी. कारण त्यानेही डावीकडेच वळायला हवं होतं.

तो वळला नव्हता. तिला चेहरा दिसला.

ओळखीचा होता का, हे ठरवायला तिचं मन धजलं नाही. एवढंच कळलं, की तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडे, रिफकातकडे बघत होता, आणि कधीपासून बघत असणार.

मिनसिलूने सलामाचे शब्द उच्चारले. शब्द उच्चारताना ती गुडघ्यांवर जरा उंच झाली, आणि तिने आपलं तोंड मध्ये आणलं. तो उजवीकडे झाला की ती उजवीकडे, तो डावीकडे झाला की ती डावीकडे.

नमाज संपला की इमामाने लोकांकडे तोंड करून बसायचं असतं. हजरत वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

"आई?" मागून रिफकातचा आवाज आला. "तू इथे? तुला काय..."

"रिफकात, ऊठ." तिने मान वळवली नाही. "हजरतांना धर आणि बाहेर जा. बूट हातात घे, बाहेर घाल. मागे बघायचं नाही. मी हाक मारली तरी नाही."

ती त्याच्या हुज्जतीची वाट बघत होती. कसलं, का, तू काय बघतेस, यातलं काहीतरी. पण तिच्या आवाजात त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. तो उठला. हजरतांचे हाडकुळे पाय गालिच्यावरून घासत गेले, रिफकातचे मोजे त्यांच्यासोबत गेले. समोरचा चेहरा त्यांच्यामागे वळायला लागला, तशी मिनसिलूने दोन्ही हात उचलून तो धरला. धरता आला.

दार उघडल्याचा आवाज झाला, धुक्यातली थंडी आत आली, आणि दार बंद झालं. एकदाच. तो अजून तिच्या हातांत होता, म्हणजे रिफकातच्या मागे गेला नव्हता.

मिनसिलूने डोळे मिटले नाहीत.